शेताच्या कंपाउंडची काटेरी तार ताणायला कोणतं हत्यार घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अडीच एकराला काटेरी तारेचं कंपाउंड सुरू केलं, सिमेंटचे खांब १० फुटांवर, तारेच्या ५ ओळी. एका बाजूची तार गड्यांनी सब्बलीने ताणून बांधली आणि दोन महिन्यांत ती लोंबली. आता उरलेल्या बाजूंना हाताने तार ताणायचं कोणतं हत्यार घ्यावं, आणि त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. रॅचेटचा (दात्यांच्या चाकाचा) हँड पुलर घ्या आणि त्यासोबत तारेला दाबून धरणारा क्लॅम्प घ्या. दोन्ही मिळून तारेच्या एका बंडलाच्या किमतीच्या आत बसतात. पण कोपऱ्याचा खांब कच्चा असेल तर पुलर आणूनही पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल. म्हणून दोन्हीबद्दल लिहितो.

माझं वावर बुलढाणा जिल्ह्यात मेहकरकडे, काळ्या भारी जमिनीत. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे कंपाउंडशिवाय तूर-हरभरा घरी येत नाही. स्वतःचं आणि भावकीतलं मिळून बरंच कंपाउंड मी स्वतः ताणलंय. सैल तारेची मला मनापासून चीड आहे, त्याला कारण घडलंय. माझ्याच धुऱ्यावर (बांधावर) खालच्या दोन ओळी लोंबून जवळजवळ आल्या होत्या. शेजाऱ्याच्या वासराचा मागचा पाय त्यात गेला, ते घाबरून उडालं आणि दोन्ही तारांचा पायाला पीळ बसला. रात्रभर ते तसंच होतं. सकाळी तार कापून त्याला सोडवलं तेव्हा खुराच्या वर हाड दिसत होतं. वासरू वाचलं, पण लंगडं झालं. ताठ तारेला जनावर अंग लावतं, काटा टोचला की मागे सरतं. लोंबती तार म्हणजे फास.

आता सब्बलीचं बघू. तार सब्बलीला वेढायची, टोक खांबामागे रोवायचं आणि अंगाचा भार टाकायचा. ताण चांगला येतो, त्यात खोट नाही. अडचण पुढे आहे. एक जण सब्बल धरून दम रोखून उभा, दुसरा पक्कड घेऊन खांबाला वेढा मारतोय. त्या अर्ध्या मिनिटात धरणाऱ्याचा हात थोडा तरी सुटतो, आणि वेढा आवळतानाही तार थोडी मागे सरकते. हे सगळं मिळून दोन इंच धरा. दोन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? १२ गेजची दुपदरी काटेरी तार ३०० फूट अंतरात १०० किलोच्या ताणाने ओढली, तर ती लांबते जेमतेम दोन इंच. म्हणजे तुमचा सगळा ताण त्या दोन इंचांत साठलेला असतो. बांधताना तेवढी तार मागे गेली की १०० किलोतलं जवळजवळ काहीच उरत नाही. हा हिशेब मला कळला त्या दिवसापासून मी सब्बल फक्त खड्डे घ्यायला वापरतो.

पुलर नेमकं हेच थांबवतो. त्यात स्टीलचा दोर गुंडाळलेला ड्रम असतो, दोन टोकांना हुक, एक लांब दांडा आणि दात्यांचं चाक. दांडा ओढला की चाक एक दाता पुढे जातं, खटका टक् करून त्यात बसतो आणि तार तिथेच थांबते. तुम्ही दांडा सोडून पाणी प्यायला गेलात तरी ती तशीच राहते. शंभर किलो ओढणं दोन धडधाकट माणसांना जमतं. शंभर किलो धरून ठेवून शांतपणे बांधणं फक्त या खटक्याला जमतं. हार्डवेअरच्या दुकानात १ टनाचा, २ टनाचा असे मिळतात. १ टनाचा पुरे. तोसुद्धा तारेसाठी गरजेपेक्षा बराच ताकदवान आहे, म्हणून दांड्याला पाइप घालून लांब करू नका. दांडा जड लागायच्या आधीच तार तुटण्याच्या किंवा खांब हलण्याच्या बेताला आलेली असते.

क्लॅम्पशिवाय पुलर घेऊ नका. पुलरचा हुक काट्यात अडकवला तर काटा तारेवरून घसरतो, आणि पकडीने तार चेपून धरली तर जस्ताचा थर खरवडतो. पहिला गंज तिथेच धरतो. विजेच्या तारा ओढणारे लाइनमन जो कमलाँग क्लॅम्प वापरतात, तो छोट्या मापात मिळाला तर उत्तम. त्याचा जबडा ओढीसरशी आवळत जातो: जेवढी ओढ, तेवढी पकड. नाहीच मिळाला तर बांधायच्या तारेचा हातभर तुकडा काटेरी तारेवर चार-पाच वेढे देऊन घट्ट पिळा, त्याला कडी करा आणि हुक त्या कडीत घाला.

बांधायची पद्धत एकदा नीट समजून घ्या, पुलर नवा असताना इथेच गोंधळ होतो. बंडलाच्या मधून सब्बल घालून दोघांनी ते चाकासारखं फिरवत न्यायचं. जमिनीवर आडवं ठेवून वेढे काढले तर तारेला अढी पडते आणि ती अढी कितीही ताणली तरी पुरती जात नाही. एक टोक पहिल्या कोपऱ्याला पक्कं बांधा. दुसऱ्या कोपऱ्यावर क्लॅम्प खांबापासून तीन-साडेतीन फूट अलीकडे तारेला लावा. पुलरचा एक हुक क्लॅम्पला, दुसरा खांबाला बांधलेल्या साखळीला, त्याच तारेच्या उंचीवर. आता ओढा. क्लॅम्पच्या पुढचं तारेचं मोकळं शेपूट सैलच राहील, हेच हवंय. ते शेपूट खांबाभोवती दोन वेढे फिरवा, हाताने खेचून बसवा आणि परत स्वतःवर सहा-सात पीळ द्या. मग खटका सोडा, पण एकेक दाता, दांडा हातात धरून. ताण पुलरवरून हळूहळू वेढ्यावर जातो, वेढा खांबाला करकचून बसतो, त्याचा आवाजही येतो. मधल्या खांबांना तोवर तार बांधलेली नको. ती नंतर बांधायची, आणि तीही सरकती, आवळून नाही. नाहीतर पुढे कधी ताणायची झाली तर सगळे खांब सोडत बसावं लागतं.

नव्या तारेचा पीळ पहिल्या ताणाला थोडा बसतो. जमलं तर रात्रभर पुलरवर तशीच ठेवा आणि सकाळी दोन दाते वाढवून मग बांधा.

किती ताणायची, हे कानाने सांगणारे खूप भेटतील: टणकारली की झाली. मला त्यापेक्षा पाण्याची बाटली बरी वाटते. दोन खांबांमधल्या १० फुटांच्या गाळ्यात बरोबर मध्ये २ लिटरची भरलेली बाटली तारेला टांगा. तार दीड सेंटिमीटर खाली आली तर ताण १०० किलोच्या आसपास आहे. तीन सेंटिमीटर आली तर ५० किलो. दोन खांबांमध्ये दोरी धरून पट्टीने मोजा, नजरेवर जाऊ नका. काटेरी तारेला मी ८० ते १०० किलोच्या पुढे जात नाही. पाच ओळींचे मिळून कोपऱ्याच्या खांबावर ५०० किलो होतात, आणि ते दिवसरात्र, बारा महिने. दुसऱ्या बाजूच्या ओळीही त्याच खांबाला बांधल्या तर तो दोन्हीकडून ओढला जातो.

तुमची पहिली बाजू लोंबली त्यात सब्बलीचा दोष असेलच, पण मला जास्त संशय कोपऱ्याच्या खांबाचा आहे. वर सांगितलेले दोन इंच पुन्हा आठवा: खांबाचं डोकं तेवढं आत झुकलं की ओळ सैल. काळ्या जमिनीत तर हे ठरलेलंच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खांब हलता दात होतो. कोपऱ्याचा खड्डा तीन फूट घ्या, काळी माती पूर्ण बाहेर काढा, काँक्रीट भरा आणि भोवती मुरूम ठोका. तारेच्या प्रत्येक दिशेला एक तिरपा सपोर्ट खांब लावा, त्याचा पायही काँक्रीटमध्ये. कोपऱ्याला दोन दिशा, म्हणून दोन सपोर्ट. ठेकेदार एकावर भागवायला बघतात, भागवू देऊ नका. सरळ रेषेतही शंभर-दीडशे फुटांवर सपोर्टचा खांब हवा. काँक्रीटला पुरी ताकद यायला २८ दिवस धरतात. मी निदान १५ दिवस थांबतो. आज खांब गाडले आणि उद्या तार ओढली, की खांब काँक्रीटसकट हलतो आणि ते पुन्हा जुळत नाही.

वेळही बघा. आपल्याकडे ही कामं वावर मोकळं झाल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात निघतात. ऊन खाल्लेली तार आणि हिवाळ्याच्या पहाटेची तार यात ३० अंशांचा फरक सहज असतो, आणि तेवढ्याने ३०० फुटांत तार सव्वा इंच आखडते. मे महिन्याच्या भर दुपारी १०० किलोवर बांधलेली ओळ डिसेंबरात दीडशेच्या वर जाऊन खांब ओढते. सकाळी आठच्या आत ताणा, म्हणजे मधला ताण मिळतो.

ट्रॅक्टरने ओढायचा मोह होईल, कारण तो दारात उभाच असतो. मी ओढलंय एकदा. ड्रायव्हरला तारेचा ताण कळत नाही, त्याला क्लच कळतो. जोडावरून तार तुटली आणि सापासारखी गुंडाळत मागे आली. मी १५ फूट लांब होतो, तरी उजव्या हाताला सात टाके पडले. शर्टाची बाही नसती तर आणखी खोल गेलं असतं. पुलरनेही तार तुटू शकते, म्हणून ताणताना तारेच्या रेषेत कधी उभं राहू नका, बाजूला राहा. चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्याला चष्मा. आणि पोरांना त्या दिवशी वावरात आणू नका.

आणखी एक हत्यार सांगतो, कारण ते माझ्याकडे आहे आणि मला फार आवडतं. माझा चुलतभाऊ न्यूझीलंडमध्ये डेअरीवर कामाला आहे, त्याने ते आणून दिलं. साखळीचा स्ट्रेनर. एक साखळी, तिच्या एका टोकाला तारेचा जबडा, आणि साखळीवरून पुढे सरकणारा दांडा, त्यालाही जबडा. दांडा इकडून तिकडे हलवला की तो कडी-कडीने साखळीवर चालत जातो. दोर नाही, ड्रम नाही, बिघडायला काही नाही. याची खरी करामत म्हणजे तो खांबाजवळ लागतच नाही. तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन जबड्यांत धरून मधोमध जवळ आणतो आणि तुम्ही निवांत जोड मारता. तिकडे मैलोन् मैल मेंढ्यांची कुंपणं, त्यातून अशी हत्यारं घडत गेली. सेंट्रल ओटॅगोमधल्या ओटुरेहुआ नावाच्या छोट्या गावात अर्नेस्ट हेज यांनी १८९५ साली शेतीच्या हत्यारांचा कारखाना काढला. सुरुवातीच्या काळात त्यांची बायको हॅना सायकलवरून मळ्यामळ्यांत फिरून माल विकायची. तार ताणायचा त्यांचा स्ट्रेनर पुढे जगभर गेला. माझा मी दर उन्हाळ्यात डिझेलने धुऊन तेल लावून ठेवतो. इथे असा ऑनलाइन मिळाला तर जरूर घ्या, दुरुस्तीला त्याच्यासारखं काही नाही. नवं काम मात्र पुलरने होतं.

छोटी गोल रॅचेट टायटनर येतात ती झटका मशीनच्या (कुंपणाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) साध्या, बिनकाट्याच्या तारेसाठी. काटेरी तार त्यांच्या चकरीवर नीट गुंडाळत नाही. आणि काटेरी तारेत झटक्याचा करंट सोडू नका. माणूस असो वा जनावर, काट्यात अडकलेल्याला सुटता येत नाही. घरच्या लाइनचा करंट तर कुठल्याच तारेत नाही, त्याने माणसं मेलीत आणि तो गुन्हा आहे.

तुमच्या लोंबलेल्या बाजूसाठी सगळी तार सोडायची गरज नाही. आधी कोपऱ्याच्या खांबाला ओळंबा लावून बघा. झुकला असेल तर तारा सोडून तो सरळ करा, सपोर्ट द्या, काँक्रीट भरा आणि वर सांगितलेले दिवस थांबा. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी, खांब आणि तार यांच्यामध्ये, चार-पाच इंच आटणारं टर्नबकल (आट्यांचा जोड, फिरवला की आखूड होतो) घाला आणि पुलरने तार ओढून त्याला बांधा. आपल्याला परत मिळवायचे आहेत दोनच इंच, ते टर्नबकल फिरवून पुढच्या दर वर्षी पान्याने मिळतात. पाचही ओळी झाल्या की पहिलीला पुन्हा बाटली टांगून बघा. बाकीच्या चौघी ताणताना खांब केसभर तरी आत येतो आणि पहिली थोडी ढिली पडलेली असते.