कुत्रा गेला म्हणून इतकं रडू येतं, मला काही झालंय का?

गेली बावीस वर्षं मी सांगलीत समुपदेशन करते आहे. सुरुवातीला वर्षातून एखाद्या वेळी ऐकू यायचा तो प्रश्न आता दर महिन्याला समोर येतो. वसतिगृहात राहणारी मुलगी येते, मुलं परदेशी असलेली आई येते, नुकताच निवृत्त झालेला माणूस येतो. आधी झोप लागत नाही, भूक नाही, चिडचिड होते असं सांगतात. मग खाली बघत, आवाज उतरवून म्हणतात, "आमचा कुत्रा गेला हो." आणि लगेच, "एवढ्यासाठी कुणी रडतं का? मला काही झालंय का?"

या प्रश्नाचं उत्तर मला एका काकांनी शिकवलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी होते. राहणार नदीकाठच्या गावभागातले. कुत्र्याचं नाव बंड्या, वय तेरा. हळदीचे सौदे जोरात असले की काका संध्याकाळी पिवळे हात घेऊनच घरी यायचे, आणि आधी बंड्याच्या कपाळावरून हात फिरायचा. पांढरं कपाळ मे महिन्यापर्यंत पिवळं राहायचं. "लोक विचारायचे, ह्याचं लग्न आहे का म्हणून," असं सांगताना पहिल्याच भेटीत त्यांचा आवाज फुटला.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा म्हणाला होता, "आई गेली तेव्हा बाबा असे रडले नव्हते." हे ऐकलं आणि मी माझा निष्कर्ष काढून मोकळी झाले. अडून राहिलेलं दुःख आता बाहेर येतंय, बंड्या केवळ निमित्त आहे. आमच्या क्षेत्रात असं वाटणं सोपं असतं. दोन भेटी मी त्यांना काकूंकडे वळवत राहिले. तिसऱ्या भेटीत काकांनी मला शांतपणे थांबवलं.

"मॅडम, तिच्यासाठी मी रडलोय. घर भरलेलं होतं, दहावा झाला, तेरावा झाला, प्रत्येक जण येऊन बसून गेला. वर्षश्राद्धाला मी तिच्या आवडीची आमटी केली. ह्याचं काय करू? ह्याला दहावा नाही न् तेरावा नाही. दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणाला, दुसरं पिल्लू आणा की. मी बंड्यासाठीच रडतोय वो. तेवढं बोलायला तुमच्याकडं आलोय."

त्या दिवशी मी माझ्या वहीत एकच ओळ लिहिली : दुःख ज्याचं आहे त्याच्याच नावावर राहू दे.

ज्या दुःखाला समाज जागा देत नाही, त्याबद्दल अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिलं. कुणी समाचाराला येत नाही, रजा मिळत नाही, विधी नसतो. अशा माणसाला दुःख तर सोसावं लागतंच, वर त्या दुःखाची लाजही वाटत राहते. मी हे वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. तरी काकांच्या तोंडून ऐकेपर्यंत ते मला नीट कळलं नव्हतं. तेव्हापासून असं कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो : त्याचं नाव काय होतं? पुष्कळ जण तिथंच रडतात. ते नाव कितीतरी दिवसांत कुणी विचारलेलं नसतं.

लाज गेली, पण काकांची झोप काही परतली नाही. आत आणखी काहीतरी होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, यावरून गावभागाची काय अवस्था झाली असेल ते कळेल. काका बंड्याला घेऊन गच्चीवर होते. बोट आली, आधी माणसं घेऊ म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. काकांनी काकूंना पाठवलं, स्वतः थांबले. दुसऱ्या दिवशी बोटीवरचा एक मुलगा म्हणाला, "आणा काका त्यालाही." टॉवेलात गुंडाळलेला बंड्या मांडीवर घेऊन ते पुराबाहेर आले.

"पुरात सोडलं नाही मी त्याला," काका म्हणाले. "आणि आता स्वतःच्या तोंडानं सांगितलं, द्या इंजेक्शन."

बंड्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी शांतपणे झोपवण्याचा पर्याय सुचवला आणि काकांनी होकार दिला. त्यानंतर रोज रात्री एकच विचार. आणखी चार दिवस थांबायला हवं होतं. मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं.

मी अमेरिकन मानसतज्ज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी आहे, आणि ते मी लपवत नाही. दुःख आपल्याला मोडत नाही, दुःखाला चिकटलेला "व्हायलाच हवं" यातला "च" मोडतो, हे मी अनेक खुर्च्यांसमोर बसून पाहिलं आहे. बंड्या गेला याचं वाईट वाटणं निरोगी आहे. "मला आधीच कळायलाच हवं होतं" या हट्टातून अपराधभाव येतो. पण हे वाक्य काकांना तसंच ऐकवून उपयोग नव्हता. मी त्यांना त्यांच्याच कामाबद्दल विचारलं.

"काका, रोजमेळ कसा लिहायचात?"

"त्या दिवसाचा त्या दिवशी. रात्री शिल्लक जुळवल्याशिवाय उठायचं नाही."

"पुढच्या आठवड्यात भाव चढला, तर मागच्या पानावरचा सौदा खोडायचा?"

"छे! तसं कसं? त्या दिवशी तोच भाव होता."

ते बोलले आणि थांबले. मीही काही बोलले नाही. खिडकीबाहेर विश्रामबागच्या चौकातला हॉर्न वाजत राहिला. मी एक कोरी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, शेवटच्या आठ दिवसांचा बंड्याचा रोजमेळ लिहून आणा. त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच लिहायचं. नंतर सुचलेलं एक अक्षर नको.

पुढच्या भेटीत त्यांनी वही वाचून दाखवली. सोमवार, पाव भाकरी, उलटी. मंगळवार, पाणी नाही, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिला. बुधवार, सलाईन, हाक मारली तर शेपूट हलवलं. शुक्रवार, रात्रभर कण्हला, मी जागा. शनिवार, उठता आलं नाही, डॉक्टर म्हणाले सुधारणा नाही. रविवार, इंजेक्शन, डोकं माझ्या मांडीवर.

वही मिटून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मॅडम, ह्या पानांवर दुसरं काही लिहिताच येत नाही."

मी फक्त विचारलं, "पुरात तो कुठं होता?"

"मांडीवर," ते म्हणाले. आणि त्या दिवशी ते वेगळं रडले. आधीचं रडणं स्वतःला मारत आलेलं होतं, हे नुसतं बंड्याचं होतं.

मला विचाराल तर माझ्या कामातली समाधानाची जी दहा-पंधरा मिनिटं मी जपून ठेवली आहेत, त्यातली ही आहेत.

आणखी एक गोष्ट काकांना टोचत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं, आणि अकरा दिवसांनी नसबंदी-लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक वगळून बाकीची मूळ जागी सोडण्याचा बदल केला. तेव्हा घाटावरच्या कट्ट्यावर रोज वाद व्हायचे. कुणी काकांना म्हणालं, पोरांना कुत्री फाडतात आणि तुम्ही कुत्र्यासाठी रडता. काका तिथं जायचे थांबले. मला यात दोन बाजू दिसतच नाहीत. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रा चावला तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे मी प्रत्येक कुत्राप्रेमी घरात सांगते. ज्याला लेकरांची भीती वाटते आणि ज्याला बंड्याची आठवण येते, ते दोघंही जिवाच्याच काळजीने बोलत असतात.

ज्यांच्या घरी हे नुकतंच घडलं आहे त्यांना एवढंच सांगेन. लहान मुलांना "तो गावाला गेला" सांगू नका, ती वाट बघत बसतात. तो मेला, त्याला आता दुखत नाही, असं सांगा आणि त्यांच्याबरोबर रडा. घाईने नवं पिल्लू आणू नका, त्या पिल्लावरही तो अन्याय असतो. ताटली, पट्टा कधी हलवायचा ते त्या माणसाला ठरवू द्या. एखादं झाड लावा, फोटोसमोर त्याची आवडती पोळी ठेवा. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, औदुंबरला आपण त्यांच्यासमोर हात जोडतोच. मात्र आठवडेच्या आठवडे जेवण-झोप नसेल, किंवा जगावंसं वाटत नसेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मिळते.

शेवटच्या भेटीला काका आले ते घाटावर फिरून. पहाटेची वेळ तीच, वाटही तीच. बंड्याचा पट्टा अजून दाराजवळच्या खिळ्याला होता. परवा सून तो काढताना दिसली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "असू दे गं तिथंच."

सून म्हणाली, "बाबा, मी धुवून परत लावणार होते. मागच्या महिन्यातही धुतला होता."

"मला माहीतच नव्हतं वो," काका मला म्हणाले. "तीपण आठवण काढती त्याची."