दिवसाला काठ हवेत

(करोनाच्या साथीत, सगळे घरात अडकलेले असताना 2021 मध्ये लिहिलेलं पत्र)

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सकाळी उघडलं आणि मजकुराआधी ते पाठवल्याची वेळ पाहिली. रात्रीचे पावणेतीन. अर्धं पत्र मला तिथेच कळलं.

तू लिहिलंस, "घरात सगळे बरे आहेत, कशाची ददात नाही, मग मला तक्रार करायचा काय हक्क? पण बाई, कशातच जीव रमत नाही. काल कुठला आणि आज कुठला, तेच कळेनासं झालंय."

आधी हक्काचं बोलू. ज्यांची माणसं गेली, ज्यांची कामं गेली, त्यांच्याकडे पाहून तू आपलं दुःख गिळतोयस. तुझ्या मनाचा चांगुलपणा त्यात दिसतो, पण उपयोग कुणालाच होत नाही. शेजारच्याचा पाय मोडला म्हणून आपलं ठेचाळलेलं बोट दुखायचं थांबत नाही. उलट आता तुझ्यावर दोन ओझी झालीत: एक घुसमटीचं आणि दुसरं घुसमट होते म्हणून वाटणाऱ्या लाजेचं. या दुसऱ्या ओझ्यामुळेच तू दिवसा घरातल्या कुणाशी बोलला नाहीस आणि रात्री पावणेतीनला मला लिहिलंस. तुझं एक महत्त्वाचं वर्ष डोळ्यांदेखत निघून चाललंय. मित्र, वर्ग, बाहेरचं जग, पहिल्या नोकरीचे बेत, सगळं लांबणीवर पडलंय. त्याचं वाईट वाटणारच. वाटू दे.

आता दुसरी गोष्ट, दिवस एकात एक मिसळण्याची. मला तुझ्याशी खरं बोलायचंय ते याबद्दल.

1962 साली मिशेल सिफ्र नावाचा 23 वर्षांचा एक फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत उतरला. घड्याळाशिवाय, उन्हाशिवाय दोन महिने तो तिथे एकटा राहिला. उठला, जेवला, झोपायला गेला की तो वर थांबलेल्या साथीदारांना फोनवर तेवढं सांगायचा आणि ते वेळ टिपून ठेवायचे, पण त्याला कळवायचे नाहीत. 14 सप्टेंबरला त्यांनी त्याला मुदत संपल्याचं सांगितलं. त्याच्या हिशोबाने तेव्हा 20 ऑगस्ट होती. पंचवीस दिवस त्याच्या मोजदादीतून गळून गेले होते. 120 पर्यंत आकडे मोजताना आपल्याला दोन मिनिटं लागली असं त्याला वाटे, प्रत्यक्षात पाच गेलेली असत.

हा धडधाकट, हौसेने गुहेत उतरलेला माणूस होता. त्याची बुद्धी कमी पडली नव्हती. एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळं करणाऱ्या खुणा काढून घेतल्या की कुणाचंही मन असंच गोंधळतं. तुझ्या आयुष्यात अशा खुणा किती होत्या बघ. घरातून निघायची वेळ, वाटेतली गर्दी, वर्गातली ठरलेली जागा, परतताना होणारा अंधार. हे सगळं तू कधी मुद्दाम केलं नव्हतंस, म्हणून ते गेल्यावर काय गेलं हेही कळलं नाही. नदीला काठ नसले की पाणी असूनही ती नदी राहत नाही, दलदल होते. तुझ्या दिवसांचं तसं झालंय. काठ परत बांधावे लागतील, आणि यावेळी स्वतःच्या हातांनी.

सिफ्रच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट निघाली. त्याला तारखेचा पत्ता नव्हता, पण त्याचं झोपणं-उठणं साधारण साडेचोवीस तासांच्या चक्रात चाललं होतं. बहुतेक माणसांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं असतं. सकाळचा उजेड ते रोज थोडंसं मागे ओढून जागेवर आणतो. उजेड मिळाला नाही तर झोप रोज जराजराशी पुढे सरकते. तुझे पावणेतीन असेच आलेत, हळूहळू.

म्हणून पहिला काठ सकाळचा. झोप कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, उठायची वेळ मात्र ठरवता येते. ती एकच ठेव, सुट्टीच्या दिवशीही, रात्र कशीही गेली तरी. उठल्यापासून तासाभरात गच्चीवर, अंगणात जा, तेही शक्य नसेल तर सताड उघड्या खिडकीशी, आणि अर्धा तास तिथे काढ. ढग आहेत म्हणून टाळू नकोस. दिव्याच्या उजेडातल्या खोलीत साधारण 100 ते 300 लक्स प्रकाश असतो; लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. डोळे पटकन सरावतात म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही, शरीराला तो नेमका कळतो. खिडकीपासून चार पावलं आत आलं की उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून खोलीच्या मध्यभागी उभं राहणं पुरेसं नाही.

दुसरा काठ अंथरुणाचा. तू अंथरुणातच वाचतोस, तिथेच वर्ग ऐकतोस, तिथेच जेवतोस, हे मी न सांगता ओळखलं. मग रात्री त्याच अंथरुणाने तुला झोप कशी द्यावी? निद्रानाशासाठी मानसशास्त्रज्ञ 1970 च्या दशकापासून एक साधी पद्धत वापरतात. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांतपणे करायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. पहिले काही दिवस हे जाचक वाटेल. तरी सोडू नकोस.

घर लहान असेल, स्वतंत्र खोली नसेल, तरी काठ बांधता येतात. माझ्याकडे एकच खुर्ची आणि एकच टेबल. कामाच्या वेळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते. काम संपलं की लॅपटॉप बंद करून मी त्यावर एक जुना पंचा पसरते आणि खुर्ची उचलून खिडकीकडे वळवते. ओढत नाही, उचलते. तेवढ्या श्रमाने अंगाला कळतं की ती वेळ संपली. खोली तीच असते, पण पंचा घातल्यावर त्या टेबलाशी मी परत बसत नाही.

आता तुझ्या त्या ओळीकडे येते: "एवढा वेळ मिळालाय आणि मी काहीच केलं नाही." हे वाचून मला फार वाईट वाटलं. न्यूटनने प्लेगच्या काळात घरी बसून विश्वाची कोडी सोडवली, हा संदेश तुलाही कुणीतरी पाठवला असणार. 1665 मध्ये केंब्रिज बंद झालं आणि तो आपल्या गावी गेला, हे खरं. पण गणितात तो त्याआधीच खोल बुडालेला होता, आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा त्याचा ग्रंथ छापून आला 1687 मध्ये, वीस वर्षं उलटून गेल्यावर. साथीतल्या दिवसांची ही फूटपट्टी कुणीही स्वतःला लावू नये. ही सुट्टी नाही. भीतीच्या सावलीत मन अर्धी ताकद राखणीवर खर्च करतं, उरलेल्या अर्ध्यात जे होईल ते पुष्कळ आहे.

तरीही, बरं वाटेल तेव्हा उठून काहीतरी करीन, असं म्हणून थांबू नकोस. मन उदास झालं की माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की समाधानाचे छोटे क्षणही कमी होतात, आणि मन आणखी खाली जातं. हे चक्र मनाच्या बाजूने तोडणं अवघड जातं, हातांच्या बाजूने सोपं. आधी कृती, उत्साह मागून येतो. कधी येतच नाही, पण काम तर झालेलं असतं.

काम असं निवड, ज्याला शेवट आहे आणि जे संपल्यावर डोळ्यांना दिसतं. गेल्या वर्षी मी माझा जुना शब्दकोश बांधायला घेतला. त्याचा कणा निखळून पानांचे गठ्ठे सुटे झाले होते. रोज दोन गठ्ठे, त्याहून जास्त नाही. दाभणाने भोकं पाडायची, जाड दोरा ओवायचा, पातळ सुती कापडाच्या पट्टीला खळ लावून ती कण्यावर बसवायची आणि बोटाने मधल्या सुरकुत्या बाहेर काढायच्या. मग वर दोन जड पुस्तकं ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. खळ वाळायला लागणारा वेळ कमी करता येत नाही, आणि त्या काळात मला तीच गोष्ट आवडू लागली. उद्या काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उद्या सकाळी ती पट्टी वाळलेली असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला पुस्तकं बांधायला सांगत नाहीये. तुझ्या घरात काय निखळलंय ते तू बघ.

व्यायामाचं तुला माहीत आहे. रोज घाम येईल इतका कर, एवढंच.

बातम्यांचं मात्र लिहायलाच हवं. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या या साथीला महासाथ म्हटलं, त्याला आता वर्ष उलटून गेलं. तेव्हापासून आपण सगळे रोज आकडे चाळतोय. मी एक कसोटी ठेवली आहे: ही बातमी वाचून मी आज काही वेगळं करणार आहे का? नियम बदलला, लस घ्यायची पाळी आली, तर हो. बाकीचं दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि झोपण्याआधी दोन तास अजिबात नाही.

काळजी मात्र बातम्या बंद केल्या तरी येते. तिला हाकललं की ती दुप्पट जोराने येते, म्हणून तिला वेळ नेमून दे. रोज दुपारी वीस मिनिटं, हातात वही घेऊन. इतर वेळी ती आली तर म्हणायचं, दुपारी बघू. आणि लिहिताना पूर्ण वाक्य लिही. "काहीतरी वाईट होईल" असं लिहिलंस तर त्याचं पुढे काहीच करता येत नाही. "आईला रात्री ताप चढला तर कुणाला फोन करायचा ते मला माहीत नाही" असं लिहिलंस की त्यात एक काम सापडतं. नंबर शोधून भिंतीवर चिकटवायचा. ज्या वाक्यात काम सापडत नाही तेही लिही. कागदावर आलं की ते निदान डोक्यात गोल फिरत नाही.

घरातल्यांशी खटके उडतात म्हणालास. अंटार्क्टिकावर हिवाळाभर एकाच तळावर राहणाऱ्या संशोधकांनाही चिडचिड, झोपमोड, विसराळूपणा आणि शून्यात टक लावून बसणं, हे सगळं होतं. ती निवडून, तयारी करून पाठवलेली माणसं असतात. तुम्ही चौघं तर तयारीशिवाय एका घरात अडकलात, एकमेकांच्या वाटेत येणारच. भांडण टीव्हीच्या आवाजावरून होतं, खरं कारण असतं ते कुणालाच स्वतःची अशी जागा उरलेली नाही हे. जागा वाढवता येत नसेल तर वेळ वाटून घ्या. प्रत्येकाला दिवसातून एक तास असा, ज्यात त्याला कुणी हाक मारायची नाही. हे रागाच्या भरात मागू नकोस, शांत वेळी सगळ्यांसाठी सुचव. आईच्या तासाची राखण तू कर.

माझी अडचण उलटी होती. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका दुपारी फोन वाजला, मी उचलला आणि "हॅलो" म्हणायला गेले तर घशातून नुसती हवा आली. खाकरून पुन्हा बोलले तेव्हा मला कळलं की तीन दिवसांत मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. संदेश मात्र शेकड्याने पाठवले होते. त्या दिवशी मी घाबरले. तेव्हापासून रोज एका माणसाशी आवाजाने बोलते, ठरलेल्या वेळी, बोलण्यासारखं काही असो वा नसो. ठरलेल्या वेळेचा फायदा असा की कुणीतरी आपली वाट बघतंय, हे दिवसभर माहीत असतं.

एक गोष्ट मी तुला मार्गदर्शन म्हणून नाही, आज्ञा म्हणून लिहिते आहे. दोन आठवडे सलग मन उठलंच नाही, खाणं-झोप पार विसकटली, रोजची साधी कामंही होईनाशी झाली, तर डॉक्टरांशी बोल. ते फोनवरूनही बोलतात. आणि जगणं नकोसं झाल्याचा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडे थांबायचं नाही, एक रात्रही नाही. त्याच क्षणी घरात ज्याला उठवता येईल त्याला उठव, मला फोन कर, तातडीच्या मदतीचा नंबर लाव. तो नंबर आजच शोधून ठेव. पावणेतीन वाजले असतील तरी माझा फोन उशाशीच असतो.

लांबलचक झालं पत्र. यातलं सगळं एकदम करू नकोस. उद्या फक्त सकाळचं कर, सात वाजता ऊठ आणि उजेडात जा.

आणि संध्याकाळी सहाला मी फोन करते आहे. खिडकीत उभा राहून उचल. माझ्या घरातून समोरची भिंत आणि आभाळाचा एक तुकडा एवढंच दिसतं, तुझ्याकडून काय दिसतं ते मला सांग.

तुझ्या बाई