दोन दिवसांत पुन्हा भरणारी टाकी

प्रश्न : अलिबाग तालुक्यात समुद्राकाठी आमचं घर आहे, माणसं चार. 2004 साली संडासाची टाकी आणि शोषखड्डा बांधला. शेजाऱ्यांनी 2019 मध्ये आमच्या कुंपणालगत विहीर खोदली, खड्ड्यापासून जेमतेम 30 फुटांवर. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि टाकी तुंबते. गेल्या जुलैत गाडी बोलावून उपसली, दोन दिवसांत पुन्हा भरली. शेवटी पंप लावून रस्त्याकडेच्या गटारात सोडलं. आता शेजाऱ्यांच्या वकिलाची नोटीस आलीय : विहीर नासली, टाकी बंद करा, भरपाई द्या. पोलिसांत जाण्याचीही धमकी आहे. आम्ही आधीचे, मग दोष आमचा कसा?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘दोन दिवसांत पुन्हा भरली’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. चार माणसांच्या वापराने टाकी दोन दिवसांत भरत नाही. भरलं ते जमिनीतलं पाणी. म्हणजे टाकीला चीर आहे, तळ पक्का नाही, नाहीतर शोषखड्डाच पाण्याखाली जाऊन उलटं आत येतंय. जिथून पाणी आत येतं, तिथून घाण बाहेरही जाते. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं हे वाक्य शेजाऱ्यांचा वकील पुरावा म्हणून वाचेल. त्यामुळे नोटिशीला घरबसल्या उत्तर धाडू नका. खोटं तर मुळीच लिहू नका. आधी टाकी तपासून घ्या.

‘आम्ही आधीचे’ हा मुद्दा वाटतो तेवढा भक्कम नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीबाबतच्या हक्कांचा कायदा) पाणी दूषित करण्याचाही हक्क वहिवाटीने मिळू शकतो. ऐकून आश्चर्य वाटेल, पण आहे. मात्र त्याला 20 वर्षं लागतात, आणि ही वर्षं टाकी बांधल्यापासून मोजत नाहीत; दूषितपणाचा उपद्रव समोरच्याला पहिल्यांदा जाणवला तेव्हापासून मोजतात. विहीरच 2019 ची, तेव्हा हिशेब तुमच्या बाजूने बसत नाही. उलट जमिनीतून झिरपत येणारं पाणी इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा हक्क त्याच कायद्याच्या कलम 7 मध्ये प्रत्येक जमीनमालकाला दिलेला आहे.

अंतराचंही तसंच. संडासाच्या टाक्यांसाठीचं भारतीय मानक 2470 शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब सांगतं. तुमचे 30 फूट म्हणजे 9 मीटर. मानक हा कायदा नव्हे, पण कोर्ट ते बाजूला सारत नाही. खड्डा दिसत असताना शेजाऱ्यांनी तिथेच विहीर खोदली, हे भरपाईच्या रकमेवर बोलताना जरूर मांडा. टाकी गळत राहू द्यायचा परवाना त्यातून मिळत नाही.

पोलिसांचं फार मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 279 सार्वजनिक झरा वा जलाशय घाण करण्याबद्दल आहे. खासगी विहीर त्यात बसत नाही, असं माझं मत. खरी अडचण त्या पंपाची आहे. गटार सगळ्या गावाचं. तिथे मैलापाणी सोडणं हा सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम 152 खाली प्रांताधिकारी, किंवा तसा खास अधिकार दिलेला असेल तर तहसीलदार, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तो हटवण्याचा आदेश काढू शकतात. पंप आजच बंद करा.

तरी विहीर नासली म्हणजे ती तुमच्याच टाकीने नासली, हे आपोआप ठरत नाही. सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर आहे. विहिरीजवळ त्यांचा गोठा, उकिरडा, त्यांचीच टाकी आहे का, ते फोटोसह टिपून ठेवा. पाण्याचा नमुना दोघांच्या देखत घेऊन शासकीय प्रयोगशाळेत द्या. टाकीत रंग टाकून विहिरीत उतरतो का, हेही पाहता येतं. मात्र तो निकाल तुमच्या विरोधात जाऊ शकतो, हे लक्षात घेऊनच करा.

दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये, पाणी खाली गेलेलं असताना. भर पावसात टाकी पूर्ण रिकामी केली, तर खालच्या पाण्याच्या दाबाने ती उचलली जाऊ शकते. फायबरच्या टाकीला तर हा धोका जास्तच. पाण्याची पातळी 1.8 मीटरच्या आत येत असेल, तर जमिनीत खोल शोषखड्डा चालत नाही. मातीचा उंचवटा करून त्यात चर घ्यावे लागतात. बिलं जपून ठेवा, नोटिशीच्या उत्तराला तीच जोडायची आहेत.

आणि साफ करायला कुणाला आत उतरवू नका, पैसे कितीही वाचोत. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुरुस्तीची तारीख ठरली की शेजाऱ्यांना ती लेखी कळवा आणि तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज करा. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. टाकी केव्हा दुरुस्त करणार, तोवर त्यांच्या पिण्याच्या पाण्याचं काय आणि खर्च कुणाचा, हे त्या तडजोडीत तारखांसह लिहून घ्या.