काळा लाव्हा आणि आकाशगंगा

प्रश्न: मागच्या वर्षी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर तेइदे ज्वालामुखीच्या पठारावर रात्री फोटो काढले. तारे मस्त आलेत पण खालची जमीन म्हणजे डांबर ओतल्यासारखी नुसती काळी. जुलैत परत जातोय. टॉर्च मारू का? आणि आकाशगंगा तेइदेच्या मागे कशी आणायची?

उत्तर: टॉर्च नको हो, प्लीज. कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड मारला की सगळ्या खाचाखोचा सपाट दिसतात आणि शेजारी कोणी शटर उघडून बसला असेल तर त्याचाही फोटो जातो. तुमचं एक्स्पोजर (म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला ते) आकाशाला बरोबर होतं, जमिनीला नव्हतं, एवढंच झालंय. तिथे १७९८ च्या उद्रेकातला लाव्हा अजून काळाकुळकुळीत पसरलाय, अंगावर पडलेला उजेड तो पिऊनच टाकतो, मग २० सेकंदांत काय उमटणार?

अमावास्येनंतरचा चौथा-पाचवा दिवस धरून जा. ट्रायपॉड दक्षिणेकडे तोंड करून लावा, चंद्रकोर पश्चिमेला खाली उतरली की तिचा उजेड आडवा येतो आणि दगडाची एकेक धार वेगळी दिसायला लागते, बघत राहावं असं असतं ते. तेव्हा जमिनीचा फोटो घ्या, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००, दोन-तीन मिनिटं. मग ट्रायपॉडला हात न लावता चंद्र मावळायची वाट बघा आणि त्याच फ्रेममध्ये आकाश घ्या, २० एमएमची लेन्स असेल तर एफ २.८ (लेन्सचं छिद्र मोठं उघडं), आयएसओ ३२००, १५ सेकंद, त्याच्या पुढे तारे लांबट होतात. दोन्ही घरी संगणकावर जोडा.

आता तेइदेचं. रोकेस दे गार्सियाच्या खडकांपाशी उभं राहिलं की डोंगर उत्तरेकडे येतो आणि जुलैत मध्यरात्रीच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा असतो दक्षिणेला, साधारण ३३ अंशांवर, म्हणजे बरोबर तुमच्या पाठीमागे! त्यामुळे तिथून तो हट्ट सोडा आणि उकांकाच्या सपाट मैदानाकडे वळा. डोंगरच हवा असेल तर स्टार ट्रेल (ताऱ्यांच्या सरकण्याच्या रेषांचा फोटो) करा, ध्रुवतारा तिथून २८ अंशांवर आहे, तासभर सलग ३०-३० सेकंदांचे फोटो घेऊन जोडले की त्याच्याभोवती सुंदर कमानी होतात.

दोन हजार मीटरच्या वर जुलैतही गारठा असतो, जादा बॅटरी खिशात ठेवा. सहाराची धूळ आली, तिला तिकडे कालिमा म्हणतात, तर उघड्यावर लेन्स बदलू नका. आणि फ्रेमसाठी पायवाट सोडून लाव्ह्यावर अजिबात चढू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि अंधारात त्या धारेवर पडलात तर हात फाटतो.