हातात इंग्रजी पुस्तक, तोंडी मराठी: झोपताना नार्निया

सी. एस. लुईसच्या नार्निया या जादुई देशाच्या गोष्टींची पुस्तकं सात, प्रकरणं मिळून ११०. इंग्रजीतून एक प्रकरण वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेच पान समोर ठेवून मराठीतून सांगत गेलात तर अर्धा तास सहज जातो, आणि तोवर मूल झोपलेलं असतं, नाहीतर तुम्ही. म्हणून मराठीतून सांगताना रोज अर्धंच प्रकरण घ्या. दुपारी ते एकदा मनात वाचून ठेवा. आयत्या वेळी लांब इंग्रजी वाक्यात शिरलात की क्रियापद हाती लागेपर्यंत अडखळायला होतं. अशा वाक्याची सरळ तीन वाक्यं करा.

हल्लीच्या बऱ्याच संचांत ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर १ आकडा असतो. गोष्टीतल्या काळानुसार ते पहिलं, पण छापलं गेलं सहावं, १९५५ साली. सुरुवात १९५०च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’नेच करा. त्यात अस्लान या सिंहाचं नाव पहिल्यांदा निघतं, तेव्हा तो कोण हे त्या चार भावंडांनाही वाचणाऱ्याइतकंच अज्ञात असतं. आकड्याप्रमाणे वाचलं तर ही गंमत जाते, आणि बर्फातला दिव्याचा खांब तिथे कुठून आला हेही आधीच कळून बसतं.

खरी कसरत ‘यू’ची. तू की तुम्ही, हे इंग्रजी सांगत नाही. ते तुम्ही पहिल्या रात्रीआधीच ठरवा, नाहीतर मूल मधेच पकडतं. चार भावंडांत लूसी धाकटी, तेव्हा पीटर तिचा दादा आणि सूझन ताई. बीव्हर या बोलणाऱ्या प्राण्यांचं जोडपं म्हणजे बीव्हरकाका आणि बीव्हरकाकू. एडमंड रुसलेला असताना त्याला नुसतं ‘पीटर’ म्हणू द्या. तेराव्या प्रकरणात परत येऊन तो प्रत्येकाची माफी मागतो, तिथे त्याच्या तोंडी पहिल्यांदा ‘दादा’ येऊ द्या. चेटकीण आधी एडमंडवर खेकसते आणि मग एकाएकी गोड होते. ‘काय रे ए’वरून ‘बाळा’वर या, आवाज बदलायचीही गरज पडत नाही. अस्लानला पीटर ‘तुम्ही’ म्हणेल. लूसीने मात्र ‘तू’च म्हणावं, आपण देवाला आणि आईला म्हणतो तसं.

फॉन, बीव्हर हे शब्द तसेच ठेवा. फॉनला यक्ष केलंत तर भलतंच चित्र उभं राहतं. ‘कमरेवर माणूस, कमरेखाली बोकड’ एवढं एकदा सांगितलं की झालं. चेटकीण एडमंडला खायला देते ते टर्किश डिलाइट मात्र दाखवता येतं: साखर आणि स्टार्च आटवून केलेली, चावताना ताणली जाणारी मिठाई. भारतीय दुकानात मिळणारा कॉर्नफ्लोअरचा कराची हलवा त्याच जातीचा. तो दाखवा, पण दिवसा. दात घासून झाल्यावर नको.

रोज सुरू करण्याआधी ‘काल कुठे आलो होतो?’ विचारा. उत्तर इंग्रजीत आलं तर चूक काढू नका. तेच वाक्य मराठीत म्हणत पुढे सरका.

चौदाव्या प्रकरणावर दिवा मालवू नका. त्यात अस्लानला मारतात, आणि तो परत येतो पंधराव्यात. ही दोन्ही शनिवारी सकाळी एका बैठकीत, पूर्ण वाचा. हळव्या मुलाला तो परत येणार हे आधी सांगून टाकलं तरी चालतं, गोष्ट बिघडत नाही.

‘द हॉर्स अँड हिज बॉय’मधले कॅलोरमेनी, म्हणजे कॅलोरमेन या देशाचे लोक, सावळे, पागोटेवाले आणि बहुतेक दुष्ट. घरातल्या फोटोत आजोबांचा फेटा पाहिलेलं मूल इथे थबकतं. पानं गाळू नका. ‘लेखकाने असं का लिहिलं असेल?’ हे दिवसा, जेवताना बोला, आणि धाडसी अराविसही त्यांच्यातलीच आहे याची आठवण द्या. ‘द लास्ट बॅटल’ तर आधी स्वतः पूर्ण वाचून मगच हातात घ्या: शेवटी रेल्वे अपघात आहे, जवळपास सगळे त्यात जातात, आणि सूझन मागे राहते. तिचं पुढे काय झालं हे मूल विचारणारच, पुस्तकात त्याचं उत्तर नाही.