पोल मागवायच्या आधी वाच

पोरी,

तुझा मेसेज मिळाला, पोलाचं आणि तारेचं कोटेशन पण बघितलं. रेट ठीक आहे, पण अ‍ॅडव्हान्स इतक्यात देऊ नको. तू लिहिलंयस की मे महिन्यात अख्ख्या वाडीला कंपाउंड मारून मोकळं व्हायचं आणि पावसात कलमं लावायची. ऐकायला छान आहे गं, पण मे महिन्यात कोकणात कोणालाच एक काम धरून बसता येत नाही.

आधी तुझ्या वाडीत शिरतं कोण ते बघ. भात कापून झालं की आपल्याकडे गुरं उनाड होतात, कोणी राखत नाही, ती परत दाव्याला येतात ती पेरणीच्या वेळेला. त्यांना चार-पाच तारा पुरतात. डुक्कर मात्र तारेखालची माती नाकाने उकरून सरळ आत येतो, त्याला खालून चिऱ्याचे दोन थर तरी हवेत, नाहीतर जुना गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली भिंत, आहे तोच नीट करून घे. आणि वानरांसाठी म्हणून कोणी जाळी विकायला आला तर चहा पाजून परत पाठव.

तुझ्या आजोबांचा गडगा वरच्या अंगाला अजून निम्मा उभा आहे, तो मोडून पोल लावायचं डोक्यात असेल तर काढून टाक. पडलेला भाग परत रचायला दोन माणसं आणि पहार लागते, बाकी दगड तिथेच पडलेत. मोठे दगड खाली, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, फटीत लहान चिपा ठोकून बसवायच्या, आणि कोणी कितीही सांगितलं तरी सिमेंट लावू नको, कारण आपल्याकडच्या पावसाचं पाणी त्या फटीतूनच बाहेर जातं, ते अडलं की मागून माती फुगते आणि अख्खा गडगा आडवा होतो. हात घालायच्या आधी काठीने दगड हलवून बघ, उन्हाळ्यात खाली गारव्याला विंचू असतो, कधी घोणस पण.

आता हद्द. तुझ्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते तुलाच माहीत, पण चुलत्यांना न विचारता तार ओढलीस तर पुढची वीस वर्षं त्याचंच पुराण. भूमी अभिलेखच्या ऑफिसात मोजणीचा अर्ज कर, खुणा घालून घे, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला स्वतः जाऊन बोलाव, नोटीस जाते ती वेगळी. खालच्या बाजूने जी पाखाडी विहिरीकडे जाते ती अजिबात बंद करायची नाही. लोकांची चालती वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लागतो आणि अडथळा काढायची ऑर्डर निघू शकते, पण त्याही आधी गावात तुझ्याशी कोणी बोलायचं नाही. तिथे बेडं ठेव. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि मधे सरकवायचे आडवे बांबू, बस, माणूस जातो, गुरं अडतात, गेटचे पैसे पण वाचतात.

पोल जिथे लावायचेच आहेत तिथे कोपऱ्यापासून सुरू कर. 7 फुटी सिमेंटचा पोल 2 फूट तरी जमिनीत गेला पाहिजे, कोपऱ्याच्या पोलाला दोन्हीकडून तिरका टेका दे, मग दोन कोपऱ्यांत दोरी ताणून 8-10 फुटांवर मधले पोल. मे महिन्यात माती दगडासारखी असते म्हणून संध्याकाळी खड्ड्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी दोन वीत सहज निघते. काँक्रीट घातलेल्या पोलांना आठवडाभर रोज पाणी मार आणि तोवर तार ओढू नको, गडी घाई करतील, त्यांना दुसरं काम दे. तार ताणताना जाड हातमोजे हवेतच, कापलेलं टोक उसळून तोंडावर येतं. खालच्या तारा जवळ जवळ, वरच्या लांब चालतात. आंब्याच्या खोडाला खिळा मारून तार अडकवायची नाही, साल ती तार गिळते आणि पुढे कधी फांदी कापायला गेलं की करवतीचे दात जातात. आणि घरातली लाईन तारेत सोडायचं कोणी सुचवलं तर त्याला वाडीत पाय ठेवू देऊ नको. माणसं मरतात त्याने, आणि गुन्हा आहे तो. क्षणभर झटका देऊन गुरं हाकलणारी झटका मशीन ती वेगळी गोष्ट.

हे सगळं सकाळी सहा ते साडेनऊ आणि मग चारनंतर. मधल्या वेळात बाकीचं. पोफळीला पाण्याचा खाडा चालत नाही. नारळाच्या आळ्यात पालापाचोळा आणि झावळ्या टाकल्यास तर पाणी बरंच कमी लागतं. वाडीभोवतीचं सुकं गवत काढून पट्टा मोकळा ठेव, वणवा वरच्या सड्यावरून कधी उतरेल सांगता येत नाही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागले की ते थांबत नाहीत, फोडायचे, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या, आणि हे सगळं वळीव यायच्या आत. कौलं चाळून घ्यायची, पन्हळीतला पाला काढायचा, लाकडं पडवीत रचायची. यातलं काही जूनवर ढकलता येत नाही. कुंपण येतं!

म्हणून म्हणते, रस्त्याकडची एकच बाजू या वर्षी पोल-तारेने कर, गुरं तिथूनच येतात. उरलेल्या दोन बाजूंना पावसाची वई, म्हणजे जिवंत काठ्यांचं कुंपण, लाव. गिरीपुष्पाच्या मनगटाएवढ्या काठ्या, 4-5 फूट लांब, खालचं टोक तिरकं छाटून, मृगाचा पाऊस नीट लागला की फूट-दीड फुटावर रोवायच्या. आपली गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि दरवर्षी छाटलेला पाला नारळाला खत म्हणून जातो. शेर लावू नको, लवकर धरतो खरा पण तोडताना चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते, आणि तू एकटी राहतेस तिथे. वई दाट होईपर्यंत पहिल्या वर्षी मधे करवंदीच्या काट्या अडकव, दिसायला वाईट दिसेल, दिसू दे.

काठ्या आमच्याकडून ने, बांधाला भरपूर आहेत, पण जूनमध्येच तोडू, आत्ता तोडून ठेवल्या तर सुकतील. मोजणीचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाक, पाऊस लागला की त्यांना शेतात उभं राहता येत नाही आणि तारीख पुढच्या हंगामात जाते. पोलवाल्याला सांग एका बाजूचेच पाठव, आणि गाडी रस्त्यावरच उतरवून घे, तुझ्या उतारावर ती चढणार नाही.

तुझी,
काकी