इस्लाममधले जिन्न म्हणजे आपल्याकडची भुतंच का?

नाही. भूत म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा, ही आपली कल्पना. जिन्न हे कधी माणूस नव्हतेच. कुराणानुसार माणूस मातीपासून आणि जिन्न धूर नसलेल्या ज्वाळेपासून घडले; फरिश्ते (देवदूत) प्रकाशापासून घडले, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे. ते दिसत नाहीत, पण खातात-पितात, लग्नं करतात, मरतातही. त्यांच्यात श्रद्धाळू आहेत तसे नाठाळही. कुराणाच्या ७२ व्या सूरेचं (अध्यायाचं) नावच 'अल-जिन्न': त्यात काही जिन्न कुराण ऐकून थक्क होतात आणि ईमान आणतात (अल्लाहवर श्रद्धा ठेवतात). इब्लीस (सैतान) हाही जिन्नांपैकीच, असं १८ व्या सूरेत स्पष्ट म्हटलंय.

मला सगळ्यात आवडतो तो राजा आणि पैगंबर सुलेमानचा प्रसंग (सूरा ३४). त्याच्या हुकमाखाली जिन्न राबत होते. तो काठीला टेकून उभ्याउभ्याच वारला, तरी त्यांना पत्ता नाही, कामं चालूच! वाळवीने काठी पोखरली, तो कोसळला, तेव्हा कुठे उमगलं. म्हणजे अदृश्य असले तरी सर्वज्ञ नाहीत. गैब, म्हणजे जे दृष्टीआड आहे ते, फक्त अल्लाहला ठाऊक.

म्हणूनच जिन्नांकडून भविष्य विचारणं निषिद्ध. भीती वाटली तर आयतुल कुर्सी (कुराणातली एक आयत) किंवा कुराणाच्या शेवटच्या दोन सूरा म्हणतात. दिव्यातून निघून इच्छा पुरवणारा जिन मात्र गोष्टींतला, कुराणातला नव्हे.